लाल बॅटरी

विद्यापीठात माझं काम उंदरांचं दाणापाणी.
खोली बारा महिने अंधारी.
आत जाताना बॅटरीला लाल कागद,
तेवढा उजेड त्यांच्या हिशेबात धरत नाहीत.

खिडकी नाही, कोंबडा नाही,
तरी सात नंबर चाकावर चढतो तो रोजच्या रोज,
फक्त कालच्यापेक्षा वीस मिनिटं आधी.
आज आठला. उद्या सात-चाळीसला.
चौगुले मॅडम कागदावरच्या काळ्या रेघा दाखवतात,
तिरक्या उतरत गेलेल्या,
पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या जशा.
"डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात ना केरबा,
तिथंच वर कणीएवढं घड्याळ आहे.
किल्ली त्याची तोच देतो.
जुळवायला मात्र सकाळ लागते."

मी भांड्यात पाणी ओतत राहिलो.
घरी माझ्या एक तिरकी रेघ आहे.

रावसो, थोरला. शिरोलीला फौंड्रीत रस उडाला,
दोन्ही डोळे मिरजेच्या दवाखान्यात काढले.
तेव्हापासनं तो रोज अर्धा तास मागं सरकतो.
मध्यरात्री चपला चाचपतो,
"म्हस सोडली काय रं?"
भर दुपारी भाकरीवरच मान टाकतो.
वहिनी म्हणाली, बाहेरचं झालंय. अंगारा लावला.
डॉक्टरनं गोळी दिली.
गोळीनं झोप येते, सकाळ येत नाही.

आणि चंद्री?
पहाटे चारला खुंट्याशी खूर आपटते,
गंगावेशीचा कट्टा यायच्या आत सडं ताठलेली.
महापुराच्या साली तिला स्लॅबवर चढवलं होतं,
लाईट नाही, खाली गल्लीभर तांबडं पाणी.
चारलाच रेकली.

उंदीर पुढं पळतो, भाऊ मागं राहतो,
मधे मी नि म्हस,
आम्हाला रोज कोणतरी ओढून सरळ करतं.

पण दीडएक महिन्यातनं चार दिवस असे येतात
की रावसो फिरून गावाच्या वेळेला येऊन लागतो.
कोण हाक मारत नाही. चारला आपणच उठतो,
दावं हाताला गुंडाळून म्हशीच्या मागनं चालतो,
कट्ट्यावर उकिडवा बसून धार काढतो.
चरवीतला आवाज ऐकून गिऱ्हाईक म्हणतं,
"बरा झाला की गा रावसो!"
तो हसतो. आवाजाच्या दिशेनं नाही, थोडं बाजूला.

मी ग्लास घेऊन फेस बसायची वाट बघतो.
उद्या साडेचार.
परवा पाच.
सांगत नाही कुणाला.