शाफ्टची किल्ली

धायरीत, गारमाळाच्या वरच्या अंगाला
सात मजली इमारत, दोन विंग, अठ्ठावन्न घरं,
आणि जिन्याशेजारी एक उभी पोकळी.
तिला आम्ही शाफ्ट म्हणतो.
तिच्या लोखंडी दाराला कुलूप,
कुलपाची किल्ली कंपनीकडे,
कंपनी कुठे असते ते वॉचमनलाही माहीत नाही.
एक टोल-फ्री नंबर आहे. तो नऊ दाबा म्हणतो.

सेक्रेटरी रानवडे भले गृहस्थ. चहा दिला.
म्हणाले, पाच वर्षांचा करार झालाय,
गेटला कॅमेरे दिले त्यांनी, लॉबीत टीव्ही दिला,
आता तुमची वायर कुठून घेऊ?
मी म्हटलं, भोक आहेच की भिंतीला, साहेब,
फक्त ते कुणाचं, एवढंच ठरायचंय.
ते हसले नाहीत.

तसा कंपनीचा दरही आला होता एकदा, छापील कागदावर:
शाफ्टमधून केबल नेण्याचे
दर घरामागे, दर महिना,
मी घराकडून जेवढे घेतो
त्याहून अकरा रुपये जास्त.
याला नकार म्हणत नाहीत.
याला प्रस्ताव म्हणतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या सोनटक्के बाईंनी
माझ्यासाठी अर्ज लिहिला, मला जमला नसता असा:
'दुकान एकच असलं की
वाण्याला तराजू लागत नाही.'
खाली सही, फ्लॅट नंबर,
आणि सोबत नियमावलीचं एक पान,
त्यात पेन्सिलीने अधोरेखित
'भेदभाव न करता प्रवेश'.
व्हॅनमध्ये बसून मी ते तीनदा वाचलं.
हेच शब्द माझ्या आज्ज्याने
पाणवठ्यावर मागितले होते, वेगळ्या आवाजात.
त्यापुढे माझं काम फारच लहान,
एक वायर, काळी, करंगळीपेक्षा बारीक.
उत्तर आलं:
आपला विषय विचाराधीन आहे.

मग एका मंगळवारी, रात्री दीड वाजता
सादिक बागवानचा फोन.
हा माझ्याच टेबलावर रंग शिकलेला,
निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी,
आणि राखाडीवर हमखास अडखळायचा.
आता कंपनीचा शर्ट घालतो.
उस्ताद, नवले पुलाजवळ जेसीबीने केबल तोडली,
अख्खी अठ्ठेचाळीस कोर,
वडगावपासून वरचं सगळं बंद.
तुमची लाइन पलीकडून जाते.
एक कोर द्या, सकाळपर्यंत.

गेलो. चिखल, टॉर्च, पाण्याने भरलेला चेंबर.
आधी डॅशबोर्डमधून तो छापील कागद काढला,
त्यावर दोन्ही नावांची अदलाबदल केली पेनाने.
म्हटलं, दर हाच.
त्याने टॉर्चखाली वाचलं, अकरा रुपयांपाशी थांबला.
'सही करायचा अधिकार नाहीये मला.'
माहीत आहे रे, म्हणूनच तुला दाखवला.
धर ती छत्री नीट.

साल काढली. स्पिरिटने पुसली.
केसाहून बारीक दोन काचा
मशीनच्या खाचेत समोरासमोर,
एक त्यांची, एक माझी,
स्क्रीनवर दोन्ही सारख्याच करड्या.
ठिणगी पडली तेवढ्यात वरून डंपर गेला.
मशीनने आकडा दाखवला: लॉस पॉइंट झिरो टू.
दोघांना जोडून झालेलं एकूण नुकसान.

सकाळी सोनटक्के बाईंचा फोन:
नेट आलं हो, पण त्यांचंच.
मी म्हटलं, हो, आलं असेल.
एवढंच म्हटलं, कारण तोंडात ब्रश होता
आणि सांगायला लागलो असतो तर दुपार झाली असती.

सुनावणीची तारीख लागलीय.
गुरुवार, साडेअकरा, मूळ कागदपत्रांसह.
फाइलीत सगळ्यात वर तो दराचा कागद ठेवलाय,
चिखलाच्या अंगठ्यासकट.
शाफ्टला कुलूप तेच.
सादिक म्हणतो, उद्या, नक्की उद्या.
राखाडी कोर अजून त्यांच्याकडेच आहे.