केसपेपर

कधीपासून दुखतंय, असं विचारतो दर खेपेला नवा डॉक्टर
आणि मी दर खेपेला पहिल्यापासून लागते सांगायला.
धाकट्याचं बारसं झालं त्या साली, उजव्या हाताची बोटं.
मग डाव्या. मग गुडघे.
तो मान वर न करता लिहून घेतो.
पोरगा चांगला आहे, दाढीसुद्धा धड फुटलेली नाही.
सहा महिन्यांनी तो जाणार, दुसरा येणार,
सांधे माझे तेच.

पार्कसाइटहून सायनला सातच्या आत पोचायचं
तर चारला उठायला हवं,
पण चारला माझे हात उघडत नाहीत.
कोमट पाण्यात धरून बसते. आधी अंगठा जागा होतो.
ब्लाउजचे हूक शेजारची हसीना लावून देते,
तिच्या नवऱ्याचा डबा गॅसवर असतो तेवढ्यात.
मग खिडकी, मग बाकडं, मग दुसरी खिडकी:
ही आहे, ही बाहेरून घ्या, पंधरा दिवसांच्याच मिळतील.
पंधरा दिवसांनी परत एक खाडा.
फॉल-बिडिंगच्या दुकानात मालकीण काही बोलत नाही,
साड्या तेवढ्या दुसरीकडे सरकवते.

एकदा पेपर हरवला.
जुना पेपर कुठंय, म्हणाले,
जसा काही आजार त्या कागदातच होता.

मग आमच्या दवाखान्यात डाबरे सिस्टर आली, वसईची.
तिने कधीपासून विचारलं नाही.
सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात, म्हणाली.
अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, मी घड्याळच पाहिलं नव्हतं.
सायनला फोन तिनेच लावला, माझ्यासमोर, दोनदा कट झाला तरी.
आता रविवारची पिवळी गोळी तीन महिन्यांची एकदम मिळते,
रक्त इथेच घेतात, गुरुवारी, सातनंतर, कामावरून सुटल्यावर.
त्याची ऑर्डर म्हणे अजून निघालेली नाही.
तिने तोंडीच सुरू केलंय.
बदली झाली तिची तर काय, हे मी विचारत नाही.

जुने पेपर आणा, म्हणाली, आणि शिवून टाका. तुम्हीच शिवा.

गोधडीची सुई घेतली. दोरा धाकट्याने ओवला.
टाके वाकडे आले, असले टाके मी कुणाचे चालवून घेतले नसते.
एका पानावर शेवंता, एकावर शेवंती,
एकावर नुसतंच शे. आणि पुढे डाग.
सगळ्यात खाली स्त्री, वय एकतीस.
तिच्याकडे जरा वेळ बघत बसले.

परवा सायनला गेले. पुन्हा नवा डॉक्टर.
मी तोंड उघडणार तोवर त्याने वही उघडली,
वाचत राहिला, पान उलटून मागे गेला, पुन्हा पुढे आला.
पंख्याचा आवाज येत होता.
मग मान वर करून म्हणाला,
बोला मावशी, आज कसं आहे?

आज?
पहिल्यापासूनचं सगळं तोंडपाठ होतं मला.
आजचं काही सुचेना.