तयार डबा

सत्तावीस वर्षं कांजूरमार्गच्या टूलरूममध्ये
घरचाच डबा खाल्ला,
आणि साठाव्या वर्षी लॅमिंग्टन रोडवर
जिना चढून एका दुकानात
तयार डबा मागितला.

दामजीभाईंनी तो काउंटरवर ठेवला.
पत्र्याचा, बुटांच्या खोक्याएवढा,
पुढे मोठं बटण, मागे पंखा,
चार गोल सॉकेट : एक्स, वाय, झेड
आणि एक रिकामं, पुढेमागे लागलं तर.

"सुटे भाग घ्या ना, निम्म्यात पडेल," ते म्हणाले.
प्रामाणिक माणूस.
"तीन ड्रायव्हर, एक सप्लाय, एवढासा बोर्ड.
तुमच्यासारख्या कारागिराला एक रविवार पुरे."

एक रविवार दिला होता मी. मे महिन्यात, गॅलरीत.
एक बारीक फट्ट,
मग जळक्या प्लास्टिकचा वास,
मग अख्ख्या मजल्याचे दिवे,
आणि शेजारच्या तांडेलबाईंची मालिका,
नेमकी शेवटच्या भागात.
अजून त्या जिन्यात गाठतात मला :
"खुनी कोण ते तुमच्यामुळे राहिलं हो."

दामजीभाईंना म्हणालो, वेळ नाही.
निवृत्त माणूस म्हणाला वेळ नाही,
आणि त्यांनी मुकाट बिल फाडलं.
आतल्या टेबलाशी एक बाई
वायरींच्या टोकांना टोप्या घालत होती,
एकेकीला, न बघता.

वेळेचं खोटं होतं.
मला लाल आणि हिरवा एकच दिसतात,
दोन्ही जुन्या चिंचेसारखे.
पोलादाला रंग नसतो,
आणि शतांश मिलिमीटर बोटाच्या पेराला कळतो,
म्हणून टूलरूममध्ये कुणाला पत्ता लागला नाही.
कुमुदला लागला, लग्नानंतर चौथ्या महिन्यात,
हिरवी सांगून आणलेली साडी उलगडताना.
ती हसली नाही.
तेव्हापासून टोमॅटो तीच निवडते.

मशीनचा गाडा मी स्वतः कातलाय,
त्यावर पाण्याचा पेला ठेवून ढकला, थेंब सांडणार नाही.
त्याला डबा जोडला.
"आता दुसऱ्याच्या हातचं खायचं तर," कुमुद म्हणाली.
बटण दाबलं. मोटारी ताठ झाल्या,
हातानं हलवून हलेनात.
उजवीकडे दहा, मी सांगितलं.
गाडा दहा मिलिमीटर गेला. डावीकडे.
मोजलं. अगदी दहा, केसाचाही फरक नाही.
दिशा तेवढी उलटी.

फोनवर दामजीभाई :
"सेटिंगमध्ये एक आकडा बदला, झालं.
डबा उघडू नका, वॉरंटी जाईल."
आकड्यानं भागलं असतं.
मी प्लग काढला,
पंखा थांबायची वाट पाहिली, चहा घेतला,
आणि नखानं स्टिकर फाडला.

आत प्रत्येक वायरीच्या गळ्यात
पांढरी पट्टी, त्यावर पेनानं, हातानं :
ए अधिक, ए उणे. बी अधिक, बी उणे.
तिन्ही मोटारींना तसंच, एकही न चुकता.
रंगही असतील बरोबर, मला काय.
झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी :
तपासले, फ्लाविया डाबरे. खाली तारीख.

तिनं ते स्वतःसाठी लिहिलं असेल,
संध्याकाळी डोळे थकल्यावर चुकू नये म्हणून.
की दुकानाचा नियमच असेल.
मी मात्र चष्मा पुसून
आपल्या नावचं पत्र वाचावं तसं वाचलं,
दोनदा.

दोन स्क्रू ढिले. ए अधिक इकडे, ए उणे तिकडे.
दोन स्क्रू घट्ट, पाव फेरा जास्तीचा,
तो माझ्याकडून.
उजवीकडे दहा.
गाडा उजवीकडे गेला.

"पहिलं काय कोरणार?" कुमुदनं विचारलं.
तांडेलबाईंच्या दाराची पाटी.
सागाचा तुकडा आहे कपाटामागे.
अक्षरं खोल पाडीन, बोट फिरवून वाचता येतील अशी.
रंग कुठला भरायचा
ते त्यांचं त्यांनी बघावं.