अकरा मिनिटं

बाबा वजनमापे निरीक्षक होते.
सियागंजात त्यांची स्कूटर वळली की
हळदीच्या पोत्यांआडचे तराजू आपोआप सरळ व्हायचे,
असं ते स्वतःच सांगत, आणि आई म्हणायची,
पुरे, जेवा आता.

कुठलंही वजन ते आधी पालथं करत.
बुडाशी भोक, भोकात शिसं, शिशावर शिक्का.
शिक्का नसेल तर ते वजन नव्हे,
नुसता लोखंडाचा तुकडा.

मी मिनिटं विकते.
रामबागेत, मागच्या खोलीत, कानाला हेडफोन,
पाठीशी कंपनीने पाठवलेला निळा पडदा,
पडद्यामागे गव्हाची कोठी आणि भावाची सायकल.
घरात मराठी, मुलांशी हिंदी, बिलात इंग्रजी.
स्पीच थेरपी, शाळांसाठी, ऑनलाइन.
एका मुलाला तीस मिनिटं.

मंगळवारी सव्वाअकराला गजेंद्र बामनिया.
वय नऊ. जिल्हा धार.
अडतो तो फक्त ‘क’वर,
आणि राहतो कुक्षीत.
कुणी विचारलं, कहाँ के हो,
तर बस जाते त्या दिशेला बोट दाखवतो.
त्याला सांगावंसं वाटतं,
आमच्यात कुक्षी म्हणजे कूस, आईचं पोट.
पण त्यातही ‘क’ आहेच.

त्या मंगळवारी अकराव्या मिनिटाला तो थिजला.
तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला,
मागे भिंतीला टेकलेला झाडू.
त्याच्या नाकावर चाक फिरत राहिलं.
एकोणीस मिनिटं मी हॅलो, हॅलो बेटा, आवाज आ रही है?
नंतर फॉर्म. त्यात तीन पर्याय:
पूर्ण. विद्यार्थी गैरहजर. विद्यार्थ्याचा नकार.
आम्ही गैरहजर, हा पर्याय नाही.

शेऱ्यात लिहिलं, अकरा.

विजयनगरहून सौमित्र सरांचा फोन.
माणूस वाईट नाही.
माझ्या बाळंतपणात एक दिवसाचा पगार कापला नव्हता.
म्हणाले, तुम्ही बसला होतात ना समोर? मग तीस.
चाळीस शाळा आहेत, मॅडम.
असं मोजत बसलो तर
तुमच्यासारख्या सतरा जणींना देऊ काय?
त्यातल्या नऊ जणींना मी ओळखते.
एकीचा नवरा घरी बसून आहे.
बाबांसमोरही लोक हेच बोलत असणार,
मुलंबाळं, हप्ते, आजारपणं,
आणि खोटं नसणार त्यातलं काही.

अकराचे तीस केले.

पुढच्या मंगळवारी नेट स्वच्छ. झाडू तिथेच.
गजेंद्रने मान ताणली, जीभ मागे नेली
आणि अडला.
मी गप्प.
शब्द सुचवायचा नसतो, मान डोलवायची नसते,
एवढंच शिकायला चार वर्षं
आणि बाबांचा निम्मा फंड गेला.
पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरं उगवली:
निष्क्रिय वेळ. चाळीस सेकंद. पन्नास. सत्तर.
ज्या यंत्राने एकोणीस मिनिटांचं चाक मुकाट गिळलं
त्याला एका पोराचं अडणं खपेना.

कुक्षी, तो म्हणाला,
आणि झटकन मागे वळून पाहिलं,
दुसरंच कुणी बोललं की काय.

निवृत्तीला बाबांनी पेटी सरकारजमा केली.
दोनशे ग्रॅमचं एक वजन मात्र घरात राहिलं,
बाद ठरलेलं, कमी भरणारं.
हल्ली ते राउटरच्या वायरीवर असतं, वायर हलू नये म्हणून.
उचलून पालथं केलं.
शिक्क्यावर आडवी फुली, बाबांच्या हातची.

मागचा फॉर्म उघडला.
दुरुस्तीची मुदत संपली आहे, असं उमटलं.
तेव्हा वहीचं पान फाडलं
आणि कुक्षीच्या मुख्याध्यापकांना लिहायला घेतलं:
महोदय, छह तारीख को आपसे
तीस मिनट का पैसा लिया गया,
किंतु

किंतुवर अडले आहे.
सौमित्र सरांचा फोन वाजतोय.
कुणी शब्द सुचवू नका.