खडूचं पाकट

दुकानात ते बशीएवढं होतं,
निळ्या ठिपक्यांचं,
काचेला पोट लावून हसल्यासारखं.
घरी आठ वर्षं वाढवलेलं प्रवाळ,
धारदार खडक, वाळू चार बोटं.
दुकानदार म्हणाला, राहील की.

रात्री येल्तेनं खडू घेतला.
ग्रोनिंगनच्या त्या अरुंद स्वयंपाकघरात
फरशीवर थोराड पाकट काढलं,
शेपटी पार फ्रिजखाली गेली.
मग त्याच्यावरच टाकीच्या मापाची चौकट.
शेपटी सोडली तर मावत होतं.
वळलं नसतं.

वीबे कडेकडेनं फिरत राहिला.
कालव्याची दारं उघडण्यात हयात गेली त्याची;
कुठली बोट वळेल, कुठली नाही,
हे त्याला कुणी सांगायला नको.

पहाटे त्यानंच फरशी पुसली.
एक पंख तेवढा राहू दिला,
टेबलाखाली.