डावा कान

बैलहोंगलच्या बाजारात दावं हातात देताना
ईराप्पा एवढंच म्हणाला, "शांत आहे. लाथ मारत नाही."
ती कशाकडे कान देते, ते त्यानं सांगितलं नाही.
आम्हीही विचारलं नाही.
दात बघितले, कास दाबली, पैसे मोजले.

येळ्ळूरला आणून नऊ दिवस झाले,
म्हैस पान्हा चोरते.
रेडकाला चार घोट देते, मग आखडून घेते.
नारूकाका कासेखाली बसून "हो बाई, हो" म्हणत राहतो,
ती गव्हाणीतनं मान काढून
आमच्या पलीकडं कुठंतरी बघते.
डेअरीतला पोरगा म्हणाला, सुई मारा.

शेजारची शिवलीला म्हणाली, तिला तिची भाषा पाहिजे.
जवळ येऊन, पाठीवर हात ठेवून:
"बा तायी, निल्लु."
उजवा कान हलला,
माशी हाकलण्यापुरता.
मग दोन दिवस अख्खी गल्ली म्हशीशी कन्नड बोलली,
दुकानाच्या पाटीवरून भांडणारेसुद्धा.

मी तेव्हापासून नुसते कान बघते.
कोतवाल पाठीवर बसला की दोन्ही ढिले,
तिच्या वाट्याचा पहारा तो करतो.
कुत्रं आडवं गेलं की दोन्ही पुढं.
एरवी एक कायम मागं, रेडकाकडं,
झोपेतसुद्धा.
तळ्याकडं वळायचं की बांधाकडं,
हे पाय मागाहून ठरवतात;
कान आधीच जाऊन आलेला असतो.

दहाव्या पहाटे काकानं वैतागून रेडिओ लावला.
सांगली लागेना.
बटण फिरवत धारवाडकडं निघाला,
आणि मधे, जिथं कुठलंच स्टेशन नसतं,
नुसती खरखर, कढईत मोहरी टाकल्यासारखी,
तिथं
डावा कान वळला.
थांबला.

"काका, फिरवू नको."

चरवीत पहिली धार वाजली.

ईराप्पाचा रेडिओ बिघडलेला असेल.
किंवा गोठ्यामागं गिरण असेल, जोंधळे दळणारी.
मी म्हटलं, फोन करून विचारूया.
काका म्हणाला, आपल्याला दुधाशी मतलब.

आता रोज साडेपाचला आमच्या गोठ्यात खरखर लागते.
शिवलीला भिंतीपलीकडनं ओरडते, दुरुस्त करा की ओ तो!
काका म्हणतो, कोण हात लावतंय बघतो.

कालपासून मात्र तिचा उजवा कान
रस्त्याकडं आहे.
मी दोनदा जाऊन बघून आले.
रस्त्यावर काही नाही.