रंग पक्का

मी वित्त विभागातला हत्तुरे.
पाच वर्षांत बाईंच्या चौऱ्याण्णव फायलींवर
एकच शेरा मारला : तरतूद उपलब्ध नाही.
आणि चौऱ्याण्णव वेळा समासात
हिरव्या शाईनं उत्तर आलं :
वाचलं. आता तरतूद कुठून येईल ते लिहा.

असं विचारतं का कोणी कारकुनाला?

डॉ. भूलक्ष्मी बोद्धूल, कुलगुरू.
वडील जुन्या गिरणीत जॉबर, आई विड्या वळायची.
हजार विड्यांमागे किती पान वाया जातं
हे बाई विद्वत परिषदेत सांगायच्या
आणि समोरचे मानकरी कपातल्या चहात बघायचे.
"माग थांबला तर मागावर ओरडू नका,
तुटलेला धागा शोधा."
हेही त्यांचं ठरलेलं. आम्हाला पाठ होतं.
खरं सांगतो, कंटाळाही आला होता.

पहिल्या दीक्षान्त समारंभात त्यांनी हारतुरे बंद केले.
पाहुण्यांना पोरांनी विणलेले टॉवेल द्यायचे,
डाळिंबी, काठावर विद्यापीठाचं चिन्ह.
मी शेरा मारला.
त्यांनी पगारातून साखर पेठेतनं सूत आणलं.
मार्च महिना, मंडपात बेचाळीस अंश.
प्रमुख पाहुण्यांनी घाम पुसला
आणि कपाळ डाळिंबी झालं,
मग मान,
मग पांढऱ्याशुभ्र सदऱ्याची कॉलर.
दुसऱ्या दिवशी पेपरात : कुलगुरूंनी पाहुणे रंगवले.
मला, लपवत नाही, बरं वाटलं.

बाई दोन दिवस रडत होत्या असं शिपाई सांगतो.
तो काही बघायला गेला नव्हता.
त्या अक्कलकोट रस्त्याला रंगाच्या हौदांपाशी
उकिडव्या बसून कारागिराला विचारत होत्या,
मीठ किती, आच किती, कुठं घाई झाली.
तिसऱ्या दिवशी मनगटापर्यंत लाल हात
माझ्या टेबलावर टेकले.
"हत्तुरे, रंग पक्का आहे का हे बघायला
आपल्या गावचा माल मुंबईला जातो. आठ दिवस मोडतात.
आपण बघू. पैसे घेऊन."
मी म्हटलं, बाई, विद्यापीठ म्हणजे दुकान नव्हे.
"पैसे नाहीत म्हणायलाव,
की द्यायचे नाहीत म्हणायलाव?"

दुसरी सरकारी गाडी विकली. कुंपणाची निविदा रद्द.
रसायनशास्त्राच्या गोदामातल्या पाली हाकलून
तिथं एक यंत्र बसलं,
आणि सहा महिने नुसतं बसलंच.
बाई कारखान्या-कारखान्यातून हिंडल्या,
कुठं तेलुगूत, कुठं कानडीत,
कुठं नुसतीच शेंगाचटणी खाऊन परत.
सातव्या महिन्यात मी पहिली पावती फाडली,
रुपये तीनशे पन्नास फक्त.
हात जरा थरथरला. रागानं असेल.

आता महिन्याला नऊशे नमुने येतात.
त्या पैशांवर नीलम नगरच्या पोरी शिकतात,
वहीच्या पानांना तंबाखूचा वास असलेल्या.

सगळंच जमलं असं नाही.
ज्वारीच्या बिस्किटांची कंपनी बुडाली,
तिची दोन पोरं कर्जासकट पुण्याला गेली, फोन उचलत नाहीत.
बाईंनी एकदा फाईल माझ्या अंगावर भिरकावली.
माफी मागितली नाही.
कागद मात्र स्वतः वाकून गोळा केले,
पान क्रमांक लावून.

आज मुदत संपली.
निरोपाला पोरींनी टॉवेल दिला, तोच डाळिंबी.
भाषणं लांबली.
बाई मधेच उठून मागच्या नळावर गेल्या,
टॉवेलचं टोक भिजवलं
आणि स्वतःच्या पांढऱ्या पदरावर
खसाखसा घासलं.
चष्मा व्यासपीठावरच राहिला होता.
"हत्तुरे, या इकडं. बघा बरं, उतरला?"

त्यांनी पदर उन्हात धरला.
मी वाकलो,
आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच
शेरा मारायच्या आधी
नीट पाहिलं.